मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : फ्रीज आला, रक्त कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

प्रत्येक प्रसूतिगृहात रक्तसाठा ठेवू, असे आपण जाहीर केले होते. आठव्या महिन्यात अंगावरून रक्त जात असताना मी जिथे पोहोचले, तिथे रक्ताचा फ्रीज होता. दारावरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते. आत एक पिशवी नाही.

माझी वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयाच्या तोंडावर होती. कळ नाही, दुखणे नाही, नुसते लालभडक रक्त; या विकाराची खूणच ती. अशा वेळी सोनोग्राफीत वार कुठे आहे हे पाहिल्याशिवाय बोटाने आतून तपासायचे नसते. तिथे हातमोजे चढवून आधी तेच केले आणि खालची चादर भिजली.

माझी आधीची दोन सिझेरियन झाली होती. खाली आलेली वार जुन्या व्रणावर बसली, तर ती गर्भाशयाच्या स्नायूत रुतू शकते. दोन सिझेरियननंतर हा धोका सुमारे ४० टक्के असतो. पहिल्या वेळी पोट उघडताना हे मला कुणी सांगितले? पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर ‘वार खाली’ एवढेच होते. दहातल्या नऊ जणींची वर सरकते, काळजी करू नका, म्हणाले. मग दहावीचे काय? तिची सोनोग्राफी पुन्हा करायची कुणी?

माझी वार गर्भाशयापासून सुटली नाही. गर्भाशय काढावे लागले. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जाते. पिशव्या दुसऱ्या गावाहून येईपर्यंत बाई जगते का, याचा हिशेब आपल्या खात्यात कुणी केला आहे? बाळाची फुप्फुसे कच्ची होती, त्यासाठी मला द्यायचे इंजेक्शन वेळेत मिळाले नाही. माझी मुलगी काचेच्या पेटीत एकेका श्वासासाठी झगडत होती आणि मला उठून तिला बघताही येत नव्हते.

डिस्चार्ज कार्डावर शेरा काय? ‘आई व बाळ सुखरूप.’ बाई मेली तरच तुमची यंत्रणा जागी होणार का? उद्घाटनाला पैसा आहे, रात्रपाळीच्या माणसांना नाही. साधारण दोनशे बाळंतपणांत एकीची वार अशी खाली राहते. ती कुणी विरळा नव्हे.

जुन्या सिझेरियनची नोंद कार्डाच्या पहिल्या पानावर करा. वार खाली असलेल्या प्रत्येकीची सोनोग्राफी ३२व्या आठवड्यात पुन्हा करा. रक्त आणि भूलतज्ज्ञ जिथे आहेत, तिथेच तिचे नाव आधी नोंदवा. आणि त्या फ्रीजमध्ये रक्त कोणत्या तारखेला येणार, ते स्वतःच्या सहीने कळवा.

आपली,
एक आई