सरकारने टाळं ठोकलं तर?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, सरकारने डिजिटल चलन बंद केलं तर पैसे बुडतील का, असं तुम्ही विचारलंत. किल्ली, म्हणजे नाणी खर्च करू देणारा गुप्त संकेत, कोणाकडे आहे, त्यावर ते ठरतं.

अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ई-गोल्ड या डिजिटल चलनाची सगळी खाती एकाच कंपनीच्या ताब्यात होती. २००७ मध्ये सरकारने खटला भरला, पुढच्या वर्षी कंपनीने गुन्हा कबूल केला आणि धंदा बसला. कोस्टा रिकातलं लिबर्टी रिझर्व्ह हे डिजिटल चलन मे २०१३ मध्ये असंच एका फटक्यात बंद पडलं. एकच दार असलं की कुलूपही एकच पुरतं.

बिटकॉइनची व्यवहारांची नोंदवही मात्र हजारो संगणकांवर आहे. २०२१ मध्ये चीनने मायनिंग, म्हणजे संगणकांनी गणित सोडवून या नोंदवहीला पानं जोडणं, बंद पाडलं, तेव्हा जगातली जवळपास निम्मी संगणकशक्ती गेली. ब्लॉकला, म्हणजे नोंदवहीच्या एका पानाला, सरासरी १० मिनिटं लागायची, ती वाढली. पण दर २०१६ ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी आपोआप बदलते. त्या जुलैत ती सुमारे २८ टक्के उतरली आणि गाडी रुळावर आली.

तुमची नाणी मात्र एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर आहेत, म्हणजे पुन्हा एका कंपनीकडेच. यूएसडीटी किंवा यूएसडीसी ही डॉलरशी जोडलेली नाणी असतील तर आणखी जपा: ती काढणारी कंपनी तुमच्या स्वतःच्या वॉलेटमधला पत्ताही (खाते क्रमांकासारखा) गोठवू शकते.

म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली स्वतःजवळ ठेवायचं छोटं यंत्र घ्या, थेट बनवणाऱ्याकडूनच. ते देईल ते १२ किंवा २४ शब्द (यांतूनच किल्ली परत मिळते) क्रमाने कागदावर लिहा, दोन प्रती, दोन जागी. फोटो काढू नका; फोन हॅक झाला की सगळं गेलं. वॉलेट रिकामं असतानाच पुसून त्या शब्दांवरून परत उभं करून बघा. ही पायरी लोक गाळतात आणि चुकलेला शब्द वर्षांनी कळतो. मग आधी अगदी थोडी रक्कम पाठवा. पत्ता वॉलेटच्या पडद्यावरच्या पत्त्याशी पूर्ण ताडून पाहा, नेटवर्क, म्हणजे नाणं ज्या साखळीवरून जातं ती, दोन्हीकडे तीच निवडलीय ना बघा. बिटकॉइनची सहा कन्फर्मेशन्स झाली, म्हणजे त्या व्यवहाराच्या ब्लॉकसह सहा ब्लॉक जोडले गेले, साधारण तासाभरात, की बाकीची.

इतकं करूनही एक अडचण राहते. एक्स्चेंज आणि बँका दोन्ही बंद झाल्या तर नाणी तुमच्याकडे असतील, पण त्यांचे रोख पैसे करणं फार कठीण होईल. औषधपाण्याचे, घरखर्चाचे पैसे यात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आई, कागदाची दुसरी प्रत कुठे ठेवली ते तुलाही माहीत असू दे.

तुमची लेक