पाणीसाठ्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता सुरू होतो. कोयना किती भरले, उजनी वजामधून कधी बाहेर आले, जायकवाडी कितीवर पोहोचले, हे आम्ही कोकणातली माणसेही चवीने वाचतो. तक्त्यात साठा असतो, टक्केवारी असते, गेल्या वर्षीचा आजचा आकडा असतो. धरणाची प्रकृती कशी आहे, ते मात्र कुठेच नसते. आणि आमच्या पऱ्यांवर, म्हणजे ओढ्यांवर, बांधलेली लहान धरणे तर त्या तक्त्यात येतच नाहीत. म्हणून ही विनंती: जिल्हा आवृत्तीत लहान धरणांचाही तक्ता द्या, आणि त्यात पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत कोणत्या वर्गाचे दोष सापडले, याचा एक रकाना ठेवा.

अशी वर्गवारी असते, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. धरणांच्या तपासणीत सापडलेले दोष तीन वर्गांत विभागले जातात. धरण फुटण्यापर्यंत वेळ आणतील असे दोष पहिल्या वर्गात, ताबडतोब दुरुस्ती लागेल असे मोठे दोष दुसऱ्यात आणि किरकोळ डागडुजीचे तिसऱ्यात. नाशिकला या कामासाठी धरण सुरक्षितता संघटना आहे. म्हणजे धरणांना शेरे मिळतात, ते फायलीत राहतात आणि धरणाखालच्या वाडीला त्यातले अक्षरही कळत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री आमच्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. या धरणाचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजायचा तर एक दशांशही भरला नसता. कोयनेचा साठा आहे १०५ टीएमसी. धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचे सांगितले आणि राज्यभर विनोदांचा पाऊस पडला. पानशेत म्हटले की आजही पुणेकराच्या तोंडी १२ जुलै १९६१ ही तारीख येते. तिवरे म्हटले की लोकांना खेकडे आठवतात, याचा आम्हाला राग आहे. खेकडा धरणाच्या मातीच्या भरावात बीळ करतो हे खोटे नाही. उंदीर-घुशीही करतात. पण ती बिळे वेळच्या वेळी शोधून बुजवायची, यासाठीच तर तपासणी असते!

मातीचे धरण थोडेफार पाझरतेच. ते पाणी भरावातून नीट बाहेर पडावे म्हणून पायथ्याला चर ठेवलेला असतो आणि चरातले पाणी मोजायला खाचेची फळी बसवतात. पाणी नितळ आहे, आणि धरण तेवढेच भरलेले असताना दरवर्षी साधारण तेवढेच येते, तर सहसा घाबरायचे कारण नाही. पाणी गढूळ झाले, धार वाढली, किंवा पूर्वी कोरड्या असलेल्या जागी नवा झरा फुटला, तर भरावातली माती आतून वाहून जाऊ लागलेली असू शकते. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि आत नळी तयार होत असते. हे ओळखायला अभियंत्याची पदवी लागत नाही; लावणीला जाणारी बाई येता-जाता सांगेल की परवापर्यंत हे पाणी असे नव्हते. फक्त ते कुणाला सांगायचे, हे तिला माहीत हवे. इथेच सगळे अडते. एक तलाव जिल्हा परिषदेचा, पलीकडचा मृद व जलसंधारण विभागाचा, त्याच्या वरचा पाटबंधाऱ्याचा. कित्येक धरणांवर साधी पाटीसुद्धा नाही.

दोष आपल्याकडेही आहे. भरावावर रान माजते, झाडे वाढतात, मुळे आत शिरतात आणि ओल आली तरी झाडोऱ्यात दिसत नाही. गुरे चरून चरून उतार घसरवतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी थोडे जास्त टिकावे म्हणून सांडव्यावर दगड-मातीचा बांध घालण्याची हौस. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले तर ते तासा-दोन तासांतही भराव कापून काढू शकते, म्हणून जादा पाण्याला वाट देणारा सांडवा मोकळाच हवा. चिपळूण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला मोठा भाग थोड्या दिवसांत कोसळतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने शहराचे काय केले ते सर्वांनी पाहिले. अशा मुलखात फूटभर पाण्यासाठी सांडवा अडवणे हे वेडे धाडस आहे, मग ते ग्रामपंचायतीच्या ठरावाने केलेले का असेना.

कायदा आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली. पण तो लागू होतो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या अशा धरणांना, जी काही अटींत बसतात; उदाहरणार्थ भिंत किमान ५०० मीटर लांब किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर. त्याखालचे पाझर तलाव आणि गावतलाव या कायद्याच्या जाळीतून खाली गळतात. वाडी मात्र त्यांच्याही पायथ्याशी असते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी गल्लत होऊन बोलली जाते. धरणाची स्थिती वेगळी आणि ते फुटले तर होणारी हानी वेगळी. उत्तम राखलेल्या धरणाखाली शंभर घरे असतील तर त्याचा धोका मोठाच. मोडकळीला आलेल्या धरणाखाली नुसता कातळ असेल तर कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदवहीत या दोन गोष्टींचे वेगवेगळे शेरे असतात आणि त्यांतले बरेचसे कुणालाही घरबसल्या पाहता येतात. शेरा म्हणजे हमी नव्हे, हेही तिथेच दिसले. मिशिगन राज्यातल्या एडनव्हिल धरणाची रचना तपासणीत ‘बरी’ ठरली होती आणि १९ मे २०२० ला ते फुटले. पण खालच्या सुमारे दहा हजार लोकांना हलवण्यात आले, एकही जीव गेला नाही. आपल्या कायद्यातही धरणांचे धोक्यानुसार वर्गीकरण सांगितले आहे. ते वर्गीकरण धरणाखालच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे?

लोक घाबरतील, हे उत्तर आम्हाला तोंडी अनेकदा मिळाले आहे. तिवऱ्यानंतर कोकणातल्या धरणाखालची माणसे जोराच्या पावसात तशीही नीट झोपत नाहीत. काहीच माहीत नसताना वाटणारी भीती कमी असते, असे कुणी समजू नये.

या शेऱ्याचा आमच्या हंड्याशीही संबंध आहे. गळक्या धरणात सुरक्षेसाठी पाणी पुरते भरू देत नाहीत. जे भरते त्यातले काही पाझरून जाते. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी आधीच टिकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये एवढ्या पावसाच्या तालुक्यात टँकर फिरतात. दुरुस्ती रखडलेले धरण जुलैत जिवाची धास्ती देते आणि मेमध्ये घशाला कोरड. तक्त्यात नुसते ‘साठा ४० टक्के’ वाचणाऱ्याला पाऊस कमी पडला असे वाटेल. शेजारी ‘दुसऱ्या वर्गाचा दोष, दुरुस्ती तीन वर्षे प्रलंबित’ असे छापले तर खरे कारण कळेल, आणि विचारायचे कुणाला तेही.

पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीची माहिती संबंधित कार्यालयांकडे असते. एकेका गावकऱ्याने माहिती अधिकारात अर्ज करून ती मिळेपर्यंत पावसाळा सरतो. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या तिन्ही यंत्रणांकडून ती एकत्र मागवली, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात छापता येईल. एखाद्या कार्यालयाने माहिती दिली नाही, तर त्या धरणासमोर ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापा. रकाना रिकामा मात्र ठेवू नका.

आपला,
एक वाचक
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी