पगार विचारता, काम पण विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

कामावर नवीन पोरगा आला की प्रश्न ठरलेला, काका प्लंबर होऊ की इलेक्ट्रिशियन, पैसा कशात जास्त? मी बावीस वर्षं प्लंबिंग करतोय, मला वाटतं आधी हे विचारावं की चूक झाली तर ती कळते कधी. वायरिंगमधला शॉर्ट सर्किट बटण दाबताच एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच, पाडतो, पण करंट दुसरी संधी देईलच असं नाही, म्हणून टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. वेल्डरचा सांधा समोर दिसतो, मोठ्या लाइनवर तर त्याचा एक्स-रे काढतात, फेल गेला की घासून परत मारायचा.

आमचं काम मात्र टाइल्सच्या मागे गडप होतं आणि चूक कधीकधी वर्षभराने बाहेर येते. मध्ये एका बाथरूमला वास यायचा, घरच्यांनी फिनाइल ओतून ओतून पाहिलं, आधीच्या माणसाने जाळी बदलली, काही फरक नाही. मी टॉर्च मारून जाळीखाली बघत बसलो आणि वरच्या मजल्यावर फ्लश करायला लावला, तर ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भागात साठून राहणारं पाणी गुडगुड करत खेचलं गेलं. दोनेक इंच पाणी असतं ते, पण गटाराचा गॅस तेच अडवतं. लाइनला हवा देणारा व्हेंट पाइपच दिलेला नव्हता! हवा, पाणी, ढाळ हे डोक्यात बसायला वर्षं जातात, आणि लोक म्हणतात पाइप चिकटवायला काय लागतं. याचं खरंच वाईट वाटतं.

कारखान्यातला पाइप फिटर आमचाच भाऊबंद, फक्त त्याच्या लाइनमध्ये वाफ असते, त्यामुळे फ्लँजचे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांचे बोल्टसुद्धा समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, नाहीतर मधलं गळती अडवणारं गॅस्केट एका बाजूने दबतं. ज्याला पाइप आणि वायर दोन्ही आवडतं त्याने एसी-फ्रिजचं काम शिकावं, तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधा जोडणं, पण येतं आणि कॉम्प्रेसरचं वायरिंग पण.

शरीराचंही बघा, वेल्डरचे डोळे, आमचे गुडघे आणि कंबर, हे कोणी आधी सांगत नाही.

तुमच्या करिअरच्या पानावर या कामांवर लिहा, आणि लिहिण्याआधी आमच्यापैकी कुणासोबत एक दिवस साइटवर या.

– एक प्लंबर