निळूभाऊंच्या चेहऱ्यावरून प्रत पारखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींवरचा लेख वाचला. ओरखडा नाही, चित्र लख्ख, म्हणून प्रत उत्तम, असा निवाडा त्यात दिला आहे. तो मला पटला नाही. फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ होता, कृष्णधवल फोटो धुण्यात उमेदीची वर्षं गेली. चित्रपटाची प्रत पारखायची तर आधी नटाचा चेहरा बघावा.

निळू फुले यांचंच घ्या. ‘सामना’तला (१९७४) हिंदुराव धोंडे पाटील तोंड उघडण्याआधी डोळ्यांनी बोलतो. भुवईखालच्या सावलीत बुबुळ जरासं सरकतं आणि समोरच्याचं आता काही खरं नाही, हे आपल्याला कळतं. माझ्याकडच्या व्हीसीडीवर (डीव्हीडीच्या आधीची डिस्क) तिथे नुसता काळा डाग आहे. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्यात अंधारातले बारीक फरक टिकणार कुठून? डीव्हीडीत ७२० बाय ५७६ मावतात. पण फिल्मवरून नव्याने न उतरवता जुनी व्हिडिओ टेपच तिच्यात भरली, तर गेलेलं बुबुळ काही परत येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे अति ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती. कृष्णधवल फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या कणांतून. कॉम्प्युटरवर हे कण धुळीसारखे पुसून काढले की त्यांच्याबरोबर दाढीचे खुंट, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरचा घामही जातो. ‘सिंहासन’मधला (१९७९) निळूभाऊंचा दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात गालाचा प्रत्येक स्नायू काम करत असतो. तो चेहरा मेणाच्या बाहुल्यासारखा गुळगुळीत झाला तर अभिनय उरला कुठे? एक-दोन ओरखडे मी आनंदाने सोसेन.

रुंद टीव्ही भरावा म्हणून चित्र वरून-खालून कापण्याचाही प्रकार चालतो. माझ्याकडच्या एका डिस्कवर निळूभाऊंची टोपी अर्धी आहे आणि हात चौकटीबाहेर. हा नट हातांनी किती बोलायचा!

वाचकांनी एवढं करावं: टीव्हीवरचं रंग भडक करणारं ‘व्हिव्हिड’ सेटिंग बंद करावं, शार्पनेस उतरवावा, खोलीतला दिवा मालवावा आणि रात्रीचा एखादा प्रसंग लावून नटाचे डोळे दिसतात का ते पाहावं. आपल्या परीक्षणकारांनीही प्रत फिल्मवरून काढली की टेपवरून, आणि चौकट मूळची आहे का, हे लिहावं. डिस्कच्या वेष्टनावर ते सहसा नसतं.

पणजीत २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून चांगल्या प्रती मिळवून निळूभाऊंचे दोन-तीन चित्रपट तिथे मोठ्या पडद्यावर दाखवावेत. गोव्यातल्या तरुण मुलांनी त्यांना बहुतेक मोबाइलवरच पाहिलं आहे. आपण हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक जुना छायाचित्रकार, फोंडा