आप्पांच्या बरणीचं गाव

ती. बाबा, प्रिय आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई गप्प होते आणि मग मीही भलतंच काही बोलून ठेवून देते. म्हणून लिहितेय. मी गणपतीला येत नाहीये. दिवाळीलाही नाही. पुढच्या जूनपर्यंत इथे ग्रीसमध्ये, खिओस बेटावरच राहायचं मी कबूल केलंय, सहीसुद्धा करून दिलीय.

रागावू नका, आधी ऐका. इथल्या पिर्गी गावातल्या घरांच्या भिंती तुम्ही फोटोत पाहिल्यात. काळसर वाळू आणि चुन्याचा गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच काट्यासारख्या हत्याराने खरवडून काढलेले त्रिकोण, चौकटी, वर्तुळं. अख्खं गाव असं नटलेलं आहे. आमच्या गवंडीकाकांची सत्तरी उलटली आहे. चुना कधी खरवडायचा हे ते बोट लावून ओळखतात, आणि ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. बाबा, वाड्याच्या वेळेस काय झालं ते आठवा. चुना मळणारं कुणी मिळालं नाही, सिमेंट फासलं, आणि दोन पावसाळ्यांत देवघराची भिंत फुगली. तुम्ही तेव्हा आठवडाभर नीट जेवला नव्हतात.

आणि आई, आप्पांच्या दुकानातली ‘रूमी मस्तकी’ची बरणी आठवते ना? ती मस्तकी, म्हणजे झाडाची सुगंधी राळ, याच बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतली. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून पांढरी माती पसरतात, मग खोडाला बारीक चिरा पाडतात. त्याला इथे ‘केंदिमा’ म्हणतात, म्हणजे भरतकाम! मला लगेच तुझी काश्मिरी टाक्याची उशी आठवली. चिरेतून थेंब ओघळतात, मातीवर पडून सुकतात. वर्षाकाठी एका झाडाचे दीडशे-दोनशे ग्रॅम, बस. 2014 मध्ये युनेस्कोने या शेतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी दोनच वर्षं, ऑगस्ट 2012 च्या वणव्यात, कितीतरी झाडं जळाली होती.

थंडीत बायका टेबलाभोवती बसून त्या खड्यांना चिकटलेली माती चाकूच्या टोकाने काढतात. उन्हाळ्यात बस भरभरून माणसं येतात, फोटो काढतात, शेजारच्या मेस्ता गावाच्या कमानींखालून फिरून संध्याकाळी परततात. चौकातली दुकानं त्यांच्यावरच चालतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मला त्या टेबलाशी बसायचंय.

जेवणाची काळजी करू नका. मसुराची आमटी इथेही होते, फक्त फोडणी नसते, ती मी घालते. नाताळाआधी 40 दिवस यांचा उपवास, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य, त्यामुळे कडधान्यांची चंगळ. घरमालकीणबाईंनी बाल्कनीत टोमॅटोच्या माळा टांगल्यात, त्यातली एक मला दिलीय. त्यांच्याकडे गेलं की गार पाण्याच्या पेल्यात चमचाभर मस्तकीची पांढरी मिठाई बुडवून देतात. तिला ‘पाणबुडी’ म्हणतात. पहिल्यांदा चाखली आणि मी पुन्हा आप्पांच्या गादीवर, फ्रॉकच्या खिशात चोरलेला खडा घेऊन. आधी कडवट भुगा, मग चघळता चघळता राळेच्या वासाचा गोळा. बाबा, तुम्हाला दिसलं होतं, तुम्ही सांगितलं नव्हतंत. मला माहीत आहे.

आता डोळ्याचं. दिवाळीनंतरचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. पहिल्या डोळ्याला दादा असेल, दुसऱ्याला जानेवारीत मी. तिकीट काढलंय. बाबा, आरास काढायला माळ्यावर चढायचं नाही, दादाला हाक मारा. जिन्यातला दिवा आजच बदलून घ्या. आई, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही, आणि मोदक एकवीसच कर, एक्कावन्न कुणी मागितलेले नाहीत. आरतीच्या वेळी व्हिडिओ लावा. तेव्हा मी कामावर नसेन, सुट्टी मागून ठेवलीय.

आप्पांची बरणी फडताळात मागे असेल. टाकू नकोस. धुऊन उन्हात ठेव, पण वरची चिठ्ठी भिजवू नकोस, त्यांचं अक्षर आहे. जानेवारीत भरायला घेऊन येते.

तुमची,
चिऊ