बासला दोनदा चाळणी नको

महोदय,

होम थिएटर बसवून देणारे पुष्कळदा सबवूफरच्या (बास म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या स्पीकरच्या) मागचं क्रॉसओव्हरचं बटण (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा हे ठरवणारं) मध्यावर ठेवून निघून जातात. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आणि बटणावरही ८०, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा चाळणी. नेमका तिथेच बास खचतो. बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवावं किंवा ‘एलएफई’वर ठेवावं, म्हणजे सबवूफरची चाळणी मधे येत नाही. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करावेत, म्हणजे त्यांचा बास सबवूफरकडे जातो; दिसायला कितीही मोठे असोत. रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर साधारण ८० हर्ट्झ ठीक; तळहाताएवढ्या सॅटेलाइट स्पीकरना १२०, पण मग सबवूफर पुढच्या स्पीकरजवळच हवा, नाहीतर पुरुषी आवाज कोपऱ्यातून घुमतो. रिसीव्हरमधला ‘एलएफई’चा (चित्रपटातल्या खास बासच्या वेगळ्या ट्रॅकचा) लो-पास, म्हणजे वरचे स्वर गाळणारी चाळणी, मात्र १२०वरच राहू द्यावा. शेवटी सबवूफरची फेज (त्याच्या ध्वनिलहरीचा इतर स्पीकरशी मेळ) ० आणि १८० अंश करून पाहावी. बसल्या जागी बास जिथे भरीव लागेल, ती ठेवावी.

— एक वाचक, ठाणे