फेरेट : नाच दिसतो, माज दिसत नाही

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

फेरेट पाळण्याच्या वाढत्या हौसेबद्दल आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. पाठीची कमान करून, तोंड उघडे टाकून, खुर्चीला आणि भिंतीला धडकत आडवा नाचणारा हा प्राणी मोबाइलच्या पडद्यावर कोणालाही मोहात पाडतो. मजकुरात त्या नाचाचे फोटो होते, खाण्यावर एक वाक्य होते, मादीच्या माजाबद्दल मात्र अक्षर नव्हते. पाळलेले फेरेट अकाली जातात ते अशाच न छापलेल्या गोष्टींपायी, म्हणून हे पत्र.

पहिली चूक ओळखीतच होते. आकार पाहून लोक फेरेटला हॅमस्टरच्या रांगेत बसवतात, तोंडावळा पाहून मुंगूस समजतात. तो दोन्हीही नाही. युरोपातल्या पोलकॅट या शिकारी प्राण्यापासून माणसाने त्याला किमान दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, ते सशांच्या बिळात सोडण्यासाठी. पाणमांजर आणि मार्टेन हा झाडांवर चढणारा लहान शिकारी प्राणी हे त्याचे भाऊबंद. बिळात शिरायचे, सावज हुसकून बाहेर काढायचे आणि उरलेला वेळ झोपायचे, हा स्वभाव घरातही सुटत नाही. निरोगी फेरेट दिवसातले १४ ते १८ तास झोपतो आणि जागा असताना दम खाऊ देत नाही. आयुष्य साधारण ६ ते ८ वर्षांचे.

आता माजाबद्दल. दिवस मोठा होऊ लागला, की वयात आलेली मादी माजावर येते. योनीमुख फुगून स्पष्ट दिसू लागते. कुत्री ठरावीक दिवसांनी माजातून बाहेर येते, फेरेटची मादी तशी येत नाही. नराशी समागम झाल्याशिवाय तिच्यात बीज सुटतच नाही, त्यामुळे समागम झाला नाही तर ती महिनोन्‌महिने माजावरच राहते. तेवढा काळ रक्तातले इस्ट्रोजेन हे मादीचे हार्मोन चढलेले राहते आणि ते हाडांतल्या मज्जेचे रक्त बनवण्याचे काम बंद पाडते. आधी शेपटीकडचे केस विरळ होतात, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाच्या कातडीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, मागचे पाय लटपटतात. इथवर आलेली मादी वाचवणे फार अवघड. त्यामुळे सूज दिसल्यावर ‘उतरेल आपोआप’ म्हणून थांबू नये. महिना उलटायच्या आत पशुवैद्याने माज मोडायलाच हवा. बीज सोडवणारे हार्मोनचे इंजेक्शन किंवा नसबंदी केलेल्या, पण अंडकोष शाबूत असलेल्या नराशी संग, हे तात्पुरते उपाय आहेत. त्यानंतर सुमारे सहा आठवडे मादीला खोटे गर्भारपण राहते आणि मोसम शिल्लक असेल तर ती पुन्हा माजावर येते.

मग सरळ शस्त्रक्रिया करून मोकळे का होऊ नये? इथे जाणकारांचेही मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. बीजांडे किंवा अंडकोष काढले, तरी मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम थांबत नाही. ऐकायला कोणी उरले नाही, की तो हुकूम मूत्रपिंडाशेजारच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ऐकतात, वाढतात आणि लैंगिक हार्मोन सोडू लागतात. फार लहानपणी केलेली शस्त्रक्रिया आणि दिव्याच्या उजेडात लांबलेला दिवस, या दोन्हींचा या आजाराशी संबंध जोडला जातो. शेपटीच्या बुडापासून वर सरकणारे, दोन्ही बाजूंना सारखे पडणारे टक्कल ही त्याची खूण. शस्त्रक्रिया झालेल्या मादीचे योनीमुख पुन्हा सुजले, तरी संशय इथेच घ्यावा. नरात मूत्रमार्गाभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी फुगून लघवी अडते. ट्रेमध्ये बसून कुंथणारा आणि थेंबच टाकणारा नर दिसला, तर सकाळची वाट पाहू नये.

म्हणून आता अनेक पशुवैद्य डेस्लोरेलिन या औषधाची कांडी त्वचेखाली बसवणे पसंत करतात. ४.७ मिलिग्रॅमची कांडी सर्वसाधारणपणे दीड ते दोन वर्षे पुरते. ती मेंदूचा हुकूमच दाबते, त्यामुळे माज थांबतो आणि नराचा उग्र वासही बराच कमी होतो. बसवल्यावर सुरुवातीचे काही दिवस लक्षणे उलट वाढू शकतात; त्याला घाबरू नये. खरा धोका शेवटी असतो. कांडीचा असर संपला की मादी पुन्हा माजावर येते आणि ‘आपली तर सोय केलेली आहे’ या समजुतीत घरातल्यांचे तिकडे लक्षच नसते. कोणताही उपाय निवडला, तरी रोज १२ ते १४ तास गडद अंधारात झोपायची सोय द्यावी. दिवाणखान्यात, टीव्हीसमोर ठेवलेला पिंजरा त्या दृष्टीने वाईट.

खाण्याची गोष्ट आतड्यापासून सुरू होते. फेरेटचे आतडे आखूड, त्याला आंधळे आतडे, म्हणजे तंतू आंबवणारी आतड्याची पिशवी, नाहीच. खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. तंतू पचवायला वेळही नाही आणि जागाही नाही. म्हणून खाद्यात प्राणिज प्रथिने ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, स्निग्धांश २० टक्क्यांच्या जवळ आणि तंतू ३ टक्क्यांच्या आत हवेत. पुडक्यावर पहिला घटक मका किंवा तांदूळ असेल, तर ते तिथेच ठेवावे. कुत्र्याचे खाद्य चालत नाही. फेरेटसाठी बनवलेले खाद्य नसेल, तर मांजराच्या पिल्लांचे उत्तम प्रतीचे खाद्य त्यातल्या त्यात बरे. ताटली दिवसभर भरलेली असावी, कारण तो थोडे थोडे आठ-दहा वेळा खातो. काय खाण्यासारखे आहे, हे तो साधारण पहिल्या सहा महिन्यांतच ठरवतो. त्या काळात दोन-तीन प्रकारची खाद्ये आणि मांस ओळखीचे करून दिले नाही, तर पुढे खाद्य बाजारातून गायब होताच तो उपाशी बसतो. बदल करायचा तर जुन्यात नवे मिसळत १० ते १४ दिवसांत करावा. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवण्याची सूचना कोणी दिली, तर जरूर हटकावे. त्याला तीन-चार तास पुरतात, त्याहून लांबला उपास रक्तातली साखर पाडतो.

मनुके, केळे, बिस्किटाचा तुकडा हे लाड बंद ठेवावेत. चार वर्षांच्या पुढे फेरेटमध्ये इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ, फार आढळते. शून्यात बघत राहणे, लाळ गाळत पंजाने तोंड खाजवणे, मागचे पाय ओढणे, उठवूनही लवकर न उठणे, अशी तिची लक्षणे. झटका आल्यास कापसाच्या काडीने हिरड्यांना थोडा मध लावावा; तोंडात बोट घालू नये आणि मध ओतू नये, श्वासनलिकेत जातो. शुद्धीवर येताच मांसाचे काहीतरी खाऊ घालावे. नुसती साखर देऊन थांबले, तर तिच्यामुळे इन्सुलिन आणखी सुटते आणि काही वेळाने दुसरा झटका येतो. मग पशुवैद्याकडे निघावे.

गिळलेल्या वस्तू हे तरुण फेरेटच्या मृत्यूचे आणखी एक मोठे कारण. रबर, फोम, सिलिकॉन म्हणजे त्याला मेजवानीच: रिमोटची बटणे, चपलेचा तळवा, इअरफोनचे बोंडूक. जेवण टाकणे, दात खाणे, ओकाऱ्या काढल्यासारखे करणे, काळी किंवा दोऱ्यासारखी बारीक शी, यांतले काहीही दिसले तर आधी आतडे अडल्याचा विचार करावा. घर तपासायचे ते गुडघ्यांवर रांगत. डोके शिरले तिथे अंग शिरते; अडीच सेंटिमीटरची फटही लहान मादीला पुरते. मागे कलणाऱ्या आरामखुर्च्यांच्या यंत्रणेत फेरेट चिरडले जातात, तेव्हा प्राणी मोकळा असताना तसली खुर्ची वापरू नये. धुलाई यंत्र सुरू करण्याआधी आत हात फिरवावा. रोज किमान चार तास पिंजऱ्याबाहेर द्यायचे असल्याने हा त्रास एकदाचा नसतो, कायमचाच असतो.

उन्हाळ्याचे दोन शब्द. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे पंख्याने त्याला फारसा गारवा मिळत नाही. खोली २७ अंशांच्या वर गेली की तो अस्वस्थ होतो. ३० ओलांडल्यावर उष्माघाताची भीती. निपचित पडून धापा टाकत असेल, तर पाय आणि पोट साध्या पाण्याने भिजवावे. बर्फ लावू नये, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली पिंजऱ्यात आधीच ठेवलेली बरी.

डिस्टेंपर हा कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा रोग; तो झालेला फेरेट जवळपास कधीच वाचत नाही. डोळ्यांतून चिकट स्राव, हनुवटीवर पुरळ, तळव्यांची कातडी जाड होणे, हा त्याचा क्रम. लस ८, ११ आणि १४ आठवड्यांना, पुढे दरवर्षी. रेबीजची तीन महिन्यांनंतर, वेगळ्या दिवशी. कुत्र्यांना देतात ती अनेक रोगांवरची एकत्रित लस देऊ नये, काही जिवंत लशींनी फेरेटला रोगच होऊ शकतो. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, कारण तीव्र अ‍ॅलर्जी त्याच अर्ध्या तासात दिसते. आणि घरात कोणाला फ्लू असेल, तर त्याने फेरेटला उचलू नये. १९३३ साली लंडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू ओळखला, तो फेरेटनाच त्याची लागण करून. इतका तो रोग दोघांचा सामायिक आहे.

वासाचे फार बोलले जाते. वास कातडीतल्या तेलग्रंथींचा असतो, त्यामुळे गुदग्रंथी काढून तो जात नाही. वारंवार आंघोळ घातली तर कातडी जास्त तेल सोडते आणि वास वाढतो. अंथरूण आठवड्याला आणि ट्रे रोज धुणे, एवढेच उपयोगी पडते. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या वापराव्यात. देवदाराचा भुसा आणि गोळे होणारी माती श्वासाला बाधते.

तान्ह्या मुलाजवळ फेरेट क्षणभरही एकटा सोडू नये. ससा, उंदीर, पक्षी असलेल्या घरात तो आणूच नये. तुमच्यासाठी ते घरचे सदस्य, त्याच्यासाठी सावज.

आणि नको झाला म्हणून रानात सोडणे हा तर गुन्हाच मानला पाहिजे. घरात वाढलेले बहुतेक फेरेट बाहेर काही दिवसांत मरतात, आणि जिथे जगतात तिथे दुसरे मरतात. न्यूझीलंडमध्ये १८८० च्या दशकात सशांवर उपाय म्हणून ते सोडले गेले. किवी आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांचे त्यांनी इतके नुकसान केले, की २००२ मध्ये त्या देशाने त्यांची विक्री आणि पैदास बंद केली. कॅलिफोर्नियातही ते पाळायला बंदी आहे. तेव्हा आणण्याआधी आपल्या इथला कायदा पाहावा आणि फेरेट हाताळणारा पशुवैद्य आधी शोधावा, प्राणी नंतर. दुसऱ्या घरी द्यायची वेळ आलीच, तर सोबत कागदावर जन्माचा महिना, लशींच्या तारखा, रोजचे खाद्य आणि कांडी बसवल्याची तारीख लिहून द्यावी. बाकीचे नव्या मालकाला विचारून, पाहून कळेल. कांडीची तारीख मादीकडे पाहून कळत नाही.

आपला,
एक वाचक